कन्नडचा पहिला बंब

बंब गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा कमरोद्दीनचंच छप्पर पेटलेलं होतं. भर दुपार, वैशाखातलं सुसाट वारं. निजाम सरकारनं कन्नड गावाला आगीचा बंब दिला त्याला चार महिने झाले होते. चौघांनी पंपाचा दांडा मारायचा, पाचव्यानं तोटी धरायची. तोटी कमरोद्दीनकडं असायची; त्या तुकडीचा तो जमादार. आजवर नुसता सराव झाला होता. आग ही पहिलीच.

त्याची बायको अमिना गल्लीत उभी होती. कडेवर लेक, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेलं कुराण. घरातलं एवढंच बाहेर आलं होतं.

"मारा दांडा!" कमरोद्दीन ओरडला. धार सुटली. त्यानं ती शेजारच्या सारजाबाईंच्या छपरावर धरली. तिथं कडबा रचलेला होता, आणि त्यापुढं एकाला एक चिकटलेली बावीस घरं.

"जमादार, तुमचं घर इकडं हाय!" पुंजारामनं दांडा सोडून तोटीला हात घातला. धार लटपटली. "निम्मं अजून वाचतंय."

"टाकीत पाणी किती हाय?"

पुंजारामनं तोटीवरचा हात काढला. पाणी एकाच छपरापुरतं होतं. विहीर तळाला गेली होती. टाकी पुन्हा भरायची म्हणजे तासभर तरी.

कमरोद्दीननं अमिनाकडं पाहिलं.

"मेरी तरफ क्या देखते?" ती म्हणाली. "आगे मारो."

पुंजाराम मागं फिरला आणि दांड्याला लागला. धार पुढंच राहिली. पाठीमागं घराचं आढं कोसळलं, तेव्हा कमरोद्दीननं मान वळवली नाही.

टाकी संपली तोवर कडबा चिंब झाला होता. आग त्याच्या घरापाशीच थांबली. जळायला तिथं काही उरलं नव्हतं.

सारजाबाई ओल्या उंबऱ्यात आल्या. "कमरूभाऊ, लेकीला घेऊन आत चला. भाकरी टाकते."

"येतो, बाई. आधी टाकी भरतो."

"आता कशापायी?"

"वारं अजून पडलं नाय."

त्यानं बादली उचलली. सारजाबाई आत गेल्या, घागर घेऊन बाहेर आल्या आणि विहिरीकडं चालू लागल्या. मग पुढच्या घराचं दार उघडलं, आणखी एक घागर बाहेर आली. मग त्याच्या पुढचं.