लख्ख तळ

मे महिन्यात वाडीचा पऱ्या, तिथला छोटा ओढा, आटला की त्यातले बोटाएवढे मासे एका कोंडातल्या, खोल डोहातल्या पाण्यात उरत. या पऱ्याबाहेर जगात कुठेच ते सापडत नसत. दगडांच्या बेचक्यांत मादी अंडी घालायची आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत नर राखण करायचा. रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या ऋजुताने वाडीतल्या बायकांनाही त्या माशांचा लळा लावला होता.

आज मासे बघायला मुंबईहून तज्ज्ञ यायचे होते. ऋजुता त्यांच्या आधी पोचली, तेव्हा अनसूयाकाकी चार बायकांसोबत काठावर पदराने घाम पुसत उभी होती.

"बघ गो बाय, तळ कसा लख्ख दिसतोय!"

खरंच दिसत होता. शेवाळ खरवडून काढलं होतं, दगड उचलून काठावर रचले होते. पाण्याला ब्लीचिंग पावडरचा उग्र वास येत होता.

ऋजुता वाकली. एक मासा पोट वर करून तरंगत आला. मग दुसरा. मग कितीतरी.

"काकी, हे कोणी करायला सांगितलं तुम्हाला?"

काकीचंही लक्ष पाण्याकडे गेलं.

"तूच नाय का मीटिंगला म्हणालीस, पाणी स्वच्छ असलं तरच हे जगतील म्हणून?"