काळूची पाठवणी

"चढ की रे बाबा!" मृण्मयीने काळूचा दोर पुन्हा ओढला. आइसलँडच्या त्या तबेल्यातले बाकीचे घोडे गाजर दिसलं की कुठेही शिरायचे. जर्मनीला विकलेला हा ठेंगू, झिपऱ्या मात्र सकाळपासून ट्रकच्या फळीपाशी पाय रोवून उभा होता. तिचं डोकं पार फिरलं.

"शिंगरू असल्यापासून तुझ्याच मागे फिरलाय तो. तूच आधी चढ," मालकीणबाई म्हणाल्या.

ती तणतणत चढली. काळू निमूट मागोमाग आला आणि तिच्या खांद्यावर नाक टेकवून उभा राहिला.

एकदा देशाबाहेर गेलेला घोडा इथे कधीच परत घेत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. त्याला नव्हतं.

"उतरा आता!" ड्रायव्हर खेकसला.

मृण्मयीचेच पाय हलेनात.