दुसरी हाक

इंजिनिअरच्या परवान्याची परीक्षा चार दिवसांवर आली आणि सरावाच्या पेपरात ती साफ आपटली. "अगं, रीत बरोबर आहे तुझी," उत्तरं तपासणारा नवरा म्हणाला, "पण जिथे सात, तिथे तू सत्त्याहत्तर घेतलंस!" ती हसत सुटली. नव्या कॅल्क्युलेटरचा काही दोष नव्हता, खोड बोटाची होती. शाळेपासून तिची सगळी गणितं बाबांच्या कॅल्क्युलेटरवर झालेली, आणि त्याचा सात दोनदा दाबल्याशिवाय उमटायचा नाही. पुलाच्या कामांवर यंत्रांच्या धडधडीने कान बधिर झालेले बाबा म्हणायचे, "माझ्यासारखाच आहे गं तो. दुसऱ्या हाकेलाच ओ देतो." बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. परीक्षेला तिने कपाटातला तो जुनाच कॅल्क्युलेटर नेला. पहिल्याच गणितात सात आला. तिने बटण दाबलं; पडद्यावर शून्यच. "बाबा," ती पुटपुटली आणि तिने पुन्हा दाबलं. सात उमटला.