एक तरी किंकाळी

लांजीच्या भैयालाल फोटोवाल्यानं कुठून तरी जुना कॅमेरा मिळवून भुताचा सिनेमा काढला आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, सांजेला चौकात पांढरं धोतर ताणून त्यावर गावाला दाखवला. सिनेमा मुका होता, म्हणून संवाद तो स्वतःच भोंग्यावर बोलत होता. निदान एक तरी बाई घाबरून किंचाळावी, एवढीच त्याची हौस होती.

पण सहा खून झाले तरी गाव पोट धरून हसतच होतं. रक्त म्हणून गुळाचा पाक ओतलेला, त्यामुळे प्रत्येक मुडदा नाकावरच्या माश्या हाकलत होता. चेटकिणीला तर मिशा होत्या.

"काहून बे भैयालाल, ही चेटकीण तं आपला महागू टेलर होय ना?" कोणीतरी विचारलं.

तरी उठून मात्र कोणीच जात नव्हतं.

शेवटी मांत्रिकानं पडद्यावर तुटक्या तुऱ्याचा एक कोंबडा कापला. अख्ख्या सिनेमात तेवढंच रक्त खरं होतं. तोच बायकांच्या बाजूनं अशी किंकाळी आली, की सारा चौक चिडीचूप झाला. भैयालालचा ऊर भरून आला.

गर्दीतून उभी राहिली ती त्याची सासू, मैनाबाई.

 

"काहो जावईबापू, हा तं माया राजा कोंबडा होय. त्याले मुंगसानं नेला म्हणून तुम्हीच सांगतलं ना? मंग त्या सांजेले माये डोये पुसाले तुम्ही जो रस्सा आणला, थो कोनाचा होता?"