कडक ऊन

"मऊ ऊन फसवं गं बयो, वाळवणाला कडकच हवं!" आईचा अंगणातला जुना आवाज आठवला आणि शेवंताबाईंनी सुनेच्या डिहायड्रेटरचा, त्या पदार्थ सुकवायच्या मशीनचा, उष्णतेचा काटा शेवटपर्यंत फिरवला. उद्या त्या गावी निघणार होत्या. ऋजुतानं एकदाही 'राहा' म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी ऋजुतानं मशीनमधला जवस-तिळाचा क्रॅकर मोडून पाहिला. "अहो आई, हे कच्चेच सुकवायचे असतात, म्हणून मशीन मंद ठेवलं होतं मी. पार भाजले की!"

"घ्या! जाता जाता तुझं नुकसान केलं. उद्यापासून सुटशील बाई."

ऋजुतानं तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली.

"सुटायचंय कुणाला?" ती म्हणाली. "दर वेळी तुम्ही गेलात की घर खायला उठतं मला. जाऊ नका, आई."