बांदीतली माती

साहेबानं डब्याचं झाकण दाबलं, तवा रुखमा बांधावरून त्याच्या हाताकडंच पाहून राह्यली होती.

धान कापून झालं होतं, पन बांदी, बांध घातलेलं तिचं धानाचं वावर, अजून वलीच होती. सकाळी गावावरून विमान गेलं अन् मागंमागं ह्या साहेबाची जीप आली. गावातल्या साऱ्या बांद्यांतली माती तो डब्यात भरत होता.

"मातीचं काय करता, साहेब?"

"विमानात रडार आहे, बाई. ओली माती फोटोत पांढरी येते, कारण रडार वरच अडतं. कोरडी असली तर आत शिरतं, फोटो काळा. ही माती तोलून, वाळवून किती ओल होती ते फोटोशी ताडून पाहायचं. बस."

बस म्हने! राजुऱ्याकडं, तिच्या माहेरी, असाच एक साहेब तोंडात साखर घेऊन आला होता. तो बी मातीतलं पानीच पाहतो म्हने. आता तिथी कोळशाची खदान हाये. माय काठावर उभी राहून आपलं घर दाखवते, अन् बोट असते हवेत.

नवरा देवराव तिच्यावर हासला. "तुले डाकिया बी खदानवालाच दिसते."

रुखमाचं ध्यान डब्यांवरच होतं. साहेबाले जे पाह्यजे ते वलीत हाये ना? मंग वल त्याच्या हाती लागूच नाई द्यायची.

दुपारी साहेब रुखमाच्याच ओसरीत जेवाले बसला. डबे जीपच्या सावलीत होते. रुखमानं आपल्या बांदीचे डबे उपडे केले अन् मागच्या पडक्या भिताडाची माती चुरून भरली. भिताड ह्याच बांदीच्या मातीचं, रंग तोच. फक्त उन्हानं ठक्क वाळलेली. हात धुवून तिनं साहेबाले अजून भाजी वाढली.

जेवन झाल्यावर साहेबानं डबे तोलले अन् गेला.

उन्हाळा लागता लागता जीप परत आली. साहेब लय खुशीत होता. बाकी साऱ्या बांद्यांचा हिशेब बरोबर बसला, म्हने, एक हिचीच सोडून.

"म्हंजे आमच्या मातीत वल नाई ना?" रुखमानं विचारलं.

"थेंबभरही नाही, बाई."

तिच्या जीवात जीव आला. वळून तिनं देवरावकडं पाह्यलं, कसं म्हनून.

"पण फोटोत तुमची बांदी पांढरीशुभ्र आहे," साहेब म्हनाला. मागं एक ट्रक घरघरत येऊन थांबला, त्याच्यावर लोखंडी मशीन बांधलेली. "कोरड्या मातीतून पांढरं आलं, म्हणजे ते खालून आलं. काय आहे ते आता खोदून पाहू."