मनोऱ्याची किल्ली

आजपासून उन्हाळी वेळ, घड्याळं तासभर पुढे. आमच्या चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मात्र वर चढून हातानंच पुढे करावं लागतं. चाळीस वर्षं ते काम माझ्या नवऱ्याचं, एर्मेसचं. हिवाळ्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि उदिने शहरातल्या डॉक्टरनं मनोऱ्याच्या एकशेबारा पायऱ्या बंद केल्या. “शपथ! या वेळी लोरिसच चढेल. मी पाव घेऊन येतो,” म्हणून तो गेला. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दहाच्या मिस्सेची प्रार्थना तोंडावर आली, मनोऱ्यावर अजून नऊच. सारखी खिडकीशी जात होते. अखेर मोठा काटा भराभर सरकू लागला. चढला एकदाचा आमचा भाचा लोरिस! मी कॉफी ठेवली. तेवढ्यात दारात लोरिस, जांभया देत. “मामी, किल्ली द्या. मामांनी नऊला बोलावलेलं. मनोऱ्यावर आत्ताच नऊचे ठोके पडले!” भिंतीवरचा किल्लीचा खिळा रिकामा होता. मी मनोऱ्याकडे पाहिलं. काटा अर्ध्यातच, साडेनऊवर थांबला होता.